दोनशे पावलांचा वळसा

“काका, खरं सांगा. वाट इथेच अशी वाकडी का गेलीय?”

लुदोविकाने हातातलं यंत्र नुंझिओच्या नाकासमोर धरलं. पडद्यावर बारा नंबरची पायवाट लाल रेघेने दाखवली होती. खालच्या चेस्टनटच्या रानातून निघालेली रेघ काळ्या दगडांवरून सुतासारखी सरळ वर येत होती, आणि ही दोघं जिथे उभी होती नेमकी तिथे डावीकडे पोट काढून, दोनशे पावलं फिरून, पुन्हा मूळ ओळीवर येत होती.

“खाली पोकळ आहे,” नुंझिओ म्हणाला. “वर नुसतं कवच, आत भुयार. माणूस पडला तर हाडंसुद्धा हाती लागायची नाहीत.”

हे वाक्य तो एकोणतीस वर्षं म्हणत आला होता. आजवर पाच साहेब आले आणि गेले. प्रत्येकाने ते ऐकून मान डोलावली, कारण वळशापर्यंत चालत येण्याचीच त्यांना हौस नव्हती. दुरून डोंगर साजरे, त्यातून हा डोंगर धूर सोडणारा. पण ही सहावी, लुदोविका, पडली उत्तरेकडची, दगडमातीचं शास्त्र शिकलेली, आणि वर कष्टाळू. अशा माणसाचं काय करायचं असतं, हे वनखात्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मी काल दिवसभर इथली जमीन तपासली, काका. भुयारबियार काही नाही. अगदी भरीव आहे.”

नुंझिओने रंगाचा डबा खाली ठेवला आणि झाकण उगाच घट्ट केलं. आज त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. बत्तीस वर्षं कायम, त्याआधी आठ वर्षं हंगामी. संध्याकाळी गावातल्या बारमध्ये मंडळी त्याला बदामाची वाइन पाजणार होती आणि एक घड्याळ देणार होती. घड्याळाचं ज्याला आता काहीच काम उरत नाही, त्यालाच घड्याळ देण्याची खात्याची जुनी रीत. एवढा एक दिवस ही पोरगी थांबली असती तर काय बिघडलं असतं?

“आणि हे बघा.” तिने पडद्यावर दुसरं चित्र आणलं. विमानातून काढलेला जुना फोटो होता, लाव्हा येण्याआधीचा. द्राक्षांचे मळे, दगडी बांध, आणि मधोमध एक चौकोनी छप्पर. लाल रेघ त्या छपराला बरोब्बर वळसा घालून गेली होती. “इथे घर होतं. कुणाचं होतं?”

नुंझिओने छपराकडे पाहिलं. मागच्या अंगाला पाण्याची टाकी दिसत होती, तिच्याशेजारचं अंजिराचं झाडही दिसत होतं. वरून बघितलेलं आपलं घर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं.

“आमचं,” तो म्हणाला.

लुदोविका दगडावर बसली. “मला आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही वाटेचं विचारलं.”

पण मग त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत खात्यातल्या कुणाला न सांगितलेली गोष्ट त्याने या परक्या मुलीला का सांगितली, हे त्याचं त्यालाही उमगलं नाही. कदाचित उद्यापासून ती भेटणार नव्हती म्हणून असेल.

बत्तीस वर्षांपूर्वी ती फुटली. एटनाला गावात कुणी एटना म्हणत नाही, ‘ती’ म्हणतात. तिचा राग आणि तिची लहर सगळ्यांना घरच्या बाईसारखी पाठ असते. लाव्हा पायी चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या चालीने उतरत होता. उतारावर वरच्या अंगाला एक हॉटेल होतं, त्याच्या खाली केबलगाडीचं ठाणं होतं. हंगामी मजुरांना बोलावून घेतलं, आणि नुंझिओला बुलडोझर दिला. दगडमातीचा बांध घालायचा, म्हणजे लाव्हा हॉटेलवर न जाता डावीकडे वळेल.

“डावीकडे काय आहे?” कुणीतरी विचारलं होतं.

“काही नाही,” मुकादम म्हणाला होता. “चार चेस्टनटची झाडं.”

चेस्टनटच्या झाडांखाली व्हेनेरा राहत होती, नुंझिओची आई. विधवा, पंचावन्न-छप्पन्नची, एकटी, खाष्ट, आणि स्वच्छतेच्या बाबतीत गावाला नकोशी. मुकादमाला हे माहीत नव्हतं. नुंझिओला होतं. पण त्याच आठवड्यात कायम होणाऱ्यांची यादी निघणार होती, आणि मुकादमासमोर तोंड उघडणाऱ्यांची नावं अशा याद्यांतून गळतात हे तो आठ वर्षं बघत होता. तो गप्प बसला. तीन दिवस बांध घातला, आणि चांगला घातला. चौथ्या दिवशी पहाटे लाव्हा आज्ञाधारक पोरासारखा डावीकडे वळला.

तो धावत घरी गेला तेव्हा शेजाऱ्यांनी पलंग, कपाट, देवाची तसबीर, एवढंच काय दारंखिडक्यांच्या चौकटीही बाहेर काढायला घेतल्या होत्या. आई आत फरशी पुसत होती. गुडघ्यांवर बसून, बादली शेजारी घेऊन, कोपरान् कोपरा. टेबलावर इस्त्री केलेला कपडा अंथरला होता. त्यावर पाव, वाइनची बाटली आणि एकच पेला.

“आई, टेबल तरी काढू दे!”

“ओल्या फरशीवर पाय देऊ नकोस,” ती म्हणाली. तिने मान वरसुद्धा केली नाही.

तो उंबऱ्याबाहेर तरटाच्या पायपुसण्यावर उभा राहिला. या डोंगरात वर्षाचे बारा महिने आभाळातून काळी रेती पडते. व्हेनेराच्या घरात पाय पुसल्याशिवाय पाद्रीसुद्धा आत येत नसे.

फरशी पुसून झाल्यावर ती पाठमोरी दारापर्यंत मागे सरकत आली, बाहेर आली, पायपुसणं दोनदा झटकलं आणि परत उंबऱ्याशी सरळ करून ठेवलं. एक शेजारी दाराची चौकट उपटायला पुढे झाला.

“राहू दे,” ती म्हणाली. “दार उघडंच ठेवा. माझ्या लेकाने धाडलेला पाहुणा आहे. त्याला दार फोडायला लावू नका.”

म्हणजे तिला कळलं होतं. वरच्या बुलडोझरवर कोण बसलंय हे गावाने तिला तीन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. ती त्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत होती.

यादी निघाली. नुंझिओ कायम झाला.

पुढची अकरा वर्षं म्हातारी गावातल्या एका भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीतली रेती झाडत जगली. घराचा विषय तिने काढला नाही, त्यानेही काढला नाही. ‘आई, चुकलं माझं.’ तीनच शब्द होते. जिना चढताना तो ते घोकत येई आणि दार उघडताच ती विचारी, “पाय पुसलेस?” की शब्द घशात परत जात. पुसलेले असत. नेहमीच पुसलेले असत.

लाव्हा निवला तसं खात्याला त्यावरून पायवाट काढायचं सुचलं. लोक येतील, काळा दगड बघतील, समुद्र बघतील. खुणा रंगवायचं काम नुंझिओकडे आलं. समोरच्या देवळाचा मनोरा आणि खालच्या पुलाची कमान यांच्या रेषा धरून त्याने घराची जागा पावलापावलाने हुडकली, आणि तिला दोनशे पावलांचा वळसा घातला. लाव्हा वळवता आला, तर वाट वळवता येणार नाही का? ओल्या फरशीवर पाय द्यायचा नव्हता.

एका रविवारी मोठ्या धीराने त्याने आईला हे सांगितलं. माफीचे शब्द निघत नव्हते, म्हटलं हे तरी सांगावं. “वाट आपल्या घरावरनं नाही नेली, आई. बाजूने वळवली.”

म्हातारी घेवडा सोलत होती. “वळवलीस?” ती म्हणाली. “वळवण्यात बाबा तुझा हात कोण धरणार!”

पुढल्या हिवाळ्यात ती गेली.

लुदोविकाचे डोळे भरून आले होते. ते खरेच भरले होते. ती वाईट मुलगी नव्हती. तिने नाक पुसलं, बराच वेळ समुद्राकडे पाहिलं, आणि मग म्हणाली, “काका, इथे फलक लावू या.”

“फलक?”

“घराचा. लोकांना हे कळलं पाहिजे. पाहुण्यासाठी मांडलेलं टेबल, वाइन, पाव! किती सुंदर आहे हे. इथली माणसं लाव्हालाही पाहुणा मानतात.”

“पाहुणा मानला नव्हता, बाई. मला टोमणा मारला होता.”

“हो, हो, कळलं मला.” तिने त्याच्या हातावर हात ठेवला. “पण ते फलकावर कसं लिहायचं? बांधाचं लिहिलं तर वाद होतील. हॉटेलवाले आहेत, गावकरी आहेत. वकील उभे राहतील. टेबलाचं लिहू. आणि वाट सरळ करू, म्हणजे लोक थेट घराच्या जागेवर उभे राहतील. समुद्रही इथूनच चांगला दिसतो, फोटो काढतील. तुमच्या आईचं नावसुद्धा घालू!”

“वाट तशीच राहू द्या,” नुंझिओ म्हणाला. “मी कधी काही मागितलं नाही खात्याकडे. नाव नको, फलक नको. एवढा वळसा राहू द्या.”

“काका, नकाशे छापायला गेलेत.” ती खरोखर ओशाळली होती. “सरळ रेघेचे. वरून मंजूर झालंय. मला वाटलं होतं भुयाराची नुसती अफवा आहे. कालच कळलं असतं तर...” तिने यंत्र बंद केलं. “तुम्हाला जड जाणार असेल तर खुणा मी सोमवारी दुसऱ्या कुणाकडून करून घेते.”

दुसऱ्या कुणाकडून म्हणजे साल्वोकडून. साल्वो दगडावर रंग फासतो, ओघळ येतात, आणि तो उंबरा कुठे, पाण्याची टाकी कुठे हे न बघता कुठेही पाय देतो.

“नको,” नुंझिओ म्हणाला. “मीच करतो.”

ती गाडीकडे गेली. संध्याकाळी बारमध्ये नक्की येते म्हणाली.

जुनी खूण पुसायची म्हणजे तिच्यावर दगडाच्या रंगाचा राखाडी हात द्यायचा. वळशावर एकवीस खुणा होत्या. लाल, पांढरा, लाल. एकोणतीस वर्षं दर वसंतात त्याने त्या ताज्या केल्या होत्या. काहींवर रंगाचे इतके थर होते की नखाला जाड लागत. तो एकेका दगडापाशी बसला, तरटाच्या तुकड्याने धूळ झटकली आणि राखाडी फिरवला. एकविसावी झाकली तेव्हा वळसा उरला नाही. कुणी म्हटलं असतं इथे कधी वाट होती, तर पुरावा नव्हता.

मग तो सरळ रेघेच्या तोंडाशी आला. बुटाच्या नाड्या सोडाव्यात असं त्याच्या मनात आलं, पण त्या दगडावर अनवाणी दहा पावलंसुद्धा टाकता येत नाहीत, पाय सोलून निघतात. आणि त्रेसष्टाव्या वर्षी असली नाटकं कुणासाठी? त्याने बूट दगडावर घासले, आधी उजवा, मग डावा, आणि आत पाऊल टाकलं. अंगण. उंबरा. डाव्या हाताला चूल. इथे टेबल असावं, खाली आठ-दहा मीटरवर. त्याने खुणा रंगवल्या. ओघळ एकही आला नाही. काम संपलं तेव्हा सगळ्या रंगाऱ्यांना वाटतं तसं त्यालाही क्षणभर वाटलं की चांगलं झालंय, आणि त्याला स्वतःची भयंकर चीड आली.

परत येताना तो उंबऱ्यापाशी थांबला. हातातला तरटाचा तुकडा त्याने दोनदा झटकला, वाटेच्या मधोमध सरळ करून ठेवला, आणि बाजूच्या दगडावर पाव आणि ऑलिव्ह काढून बसला. निदान पहिले येणारे तरी पाय पुसून जावेत, एवढंच त्याला वाटलं.

वरून काठ्यांचा आवाज आला. एक जोडपं होतं, पन्नाशीचं, उन्हाने लाल झालेलं, कुठल्या तरी थंड देशातलं. पाठीवर नीटनेटक्या पिशव्या, आणि बाईच्या कमरेला लोकांनी फेकलेला कचरा वेचायची एक हिरवी पिशवी. काही माणसं सुट्टीवरसुद्धा चांगली वागतात.

“हीच वाट?” पुरुषाने नव्या खुणेकडे बोट दाखवलं.

“हीच. सरळ,” नुंझिओ म्हणाला.

बाई उंबऱ्यापर्यंत आली आणि थबकली. नुंझिओचा घास तोंडातच राहिला. तिने खाली पाहिलं, मग त्याच्याकडे, त्याच्या रंगाने माखलेल्या हातांकडे. काठीच्या टोकाने तिने तरट उचललं.

“हे तुमचं?” ती तुटक तुटक बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, शाळेतल्या बाईंची समजावणी होती. “इतका सुंदर डोंगर. इथे असं टाकायचं नाही. बरोबर ना?”

काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं. किती सांगायचं आणि कुठून? बाई काठी तशीच वर धरून थांबली होती. तरटातून काळी रेती गळत होती.

“चुकलं,” नुंझिओ म्हणाला. “चुकलं माझं.”

“असू दे, असू दे!” बाई मनापासून हसली. तिने तरट हिरव्या पिशवीत कोंबलं, नाडी ओढली, आणि दोघं काठ्या टेकत, बोलत, समुद्राच्या दिशेने सरळ निघून गेली.