उजव्या अंगाचं काळीज

मी मोडनिंबला जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. चेसिस नंबर आन् कागद जुळल्याबिगर सख्ख्या मेहुण्याच्या व्यवहारावरबी सही करत न्हाय. मग सोलापूरच्या दवाखान्यात भावाच्या जिवाच्या कागदावर डोळं झाकून कशी करू?

धाकटा भाऊ ज्ञानू आत पडला व्हता. सकाळी पाठीत कळ आली आन् उभ्याउभ्या कोसळला. डॉक्टर म्हणाला, "हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटलीय. बाहेरचा थर कधीही फुटेल. छाती उघडायची नाही, मांडीतल्या शिरेतून जाळीची नळी वर नेऊन फाटल्या जागी बसवतो."

दुखणं छातीत आन् भोक मांडीला! माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं छातीचा फोटू उजेडाला धरला. "आणि यांचं हृदय उजवीकडं आहे, जन्मापासूनच. रक्तवाहिनीही उलटी वळते, म्हणून नळी फार जपून न्यावी लागेल."

ह्यो बगा घोळ! "डाक्टर, ह्यो फोटू दुसऱ्या कुणाचा तरी हाय," मी म्हणालो. "आईमागं ज्ञानूला मीच लहानाचा मोठा केला. मला कळलं नसतं व्हय?"

त्यानं हृदयाच्या ठोक्यांची पट्टी दाखवली. म्हटलं, मशीन तुमचं, पट्टीबी तुमचीच. पुण्याला न्हेतो म्हणालो, तर म्हणतो वाटेतच फुटेल. गिऱ्हाईक सुटंल म्हणून भ्या दाखवतोय, दुसरं काय! दीड तास मी कागद मांडीखाली दाबून बसलो.

ज्ञानूची बायको गोजा भिंतीकडं तोंड करून बसली व्हती. आमच्यात भावजय थोरल्या दिराम्होरं तोंड उघडत न्हाय. अकरा वर्सांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती उठली, पदर डोळ्यांपतूर ओढला.

"आप्पा, काळीज उजवीकडंच हाय. निजताना माझा कान रोज तितंच असतो."

माझे कान तापले. थोरल्या दिराला सांगायची गोष्ट हाय का ही! वर बघायची हिंमत झाली न्हाय. कागद काढला आन् सही केली.

नळी बसली, ज्ञानू वाचला. दुसऱ्या दिवशी मी आन् गोजा आत गेलो, तर पहिलंच इचारलं त्यानं, "डाक्टर म्हणत व्हतं लई उशीर केला, थोडक्यात वाचलो. कुणापायी झाला उशीर?"

मी सलाईनच्या बाटलीकडं बघाय लागलो.

"माझ्यापायी," गोजा म्हणाली. "मी घाबरले व्हते. आप्पांस्नी सहीच करू देईना."

ज्ञानू तिच्यावर डाफरला, आन् मी गप उभा ऱ्हायलो.