वरवर फिरलेला डाव

मी एक जुना डाव आहे. खेळातला नव्हे, मित्रांनो, स्वयंपाकघरातला. पातेल्यातलं ताटात पोचवणं एवढंच माझं काम. हे काम मी कसं केलं ते सांगायला आज मला लाज वाटते, तरी सांगतो.

एका कारागिराने मला पितळेच्या पत्र्यातून ठोकून घडवलं. माझं पोट खोल ठेवलं, दांडा लांब ठेवला. दुकानातून मी एका घरी आलो. घरात आई, बाबा आणि त्यांची मुलगी. रोज रात्री सगळी एकत्र जेवत. आईचा हात सढळ. "पुरे, पुरे" म्हणत बाबा ताटावर हात आडवा धरायचे, तर ती बोटांच्या फटीतून वाढायची. मुलगी भाजीला नाक मुरडायची, पण गोडाला कधीच नाही.

रविवारी आई दूध आटवून गोड करायची. त्यात काजू-बेदाणे पडत आणि ते सगळे तळाशी जाऊन बसत. त्या दिवशी मामा यायचा, म्हणजे आईचा थोरला भाऊ. तो छापखान्यात कामाला होता. नखांत शाई घेऊनच पाटावर बसायचा आणि म्हणायचा, "ठमे, मला तळातलं हं!" मग आई मला थेट बुडापर्यंत नेई. मी काजू-बेदाण्यांनी भरून वर येई, तेव्हा माझी छाती फुगायची.

पुढे मामा येईनासा झाला. फोन केला की "कामात आहे गं" म्हणायचा. आई फुगली. "मोठा माणूस झालाय. बहीण कशाला आठवेल?" असं ती बाबांना म्हणायची.

रविवार मोकळा पडला, म्हणून आई गल्लीच्या टोकाच्या सभागृहात जायला लागली. तिथे ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना मोफत जेवण असे. आई मला सोबत नेई आणि गोडाच्या पातेल्यापाशी उभी राही. तिथल्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. त्यांचा एक नियम होता, "ताटाकडे बघायचं, तोंडाकडे नाही. घेणारा ओशाळतो." नियम चांगल्या मनाने केलेला होता. आई तो काटेकोर पाळायची.

पण दुसरंही एक चालायचं. दारं उघडण्याआधी वाढणाऱ्या बायका आपापले डबे भरून घेत. "करील सेवा तो खाईल मेवा," असं म्हणून एक काकू हसायच्या, आणि सगळा सुकामेवा खरोखरच डब्यांत जायचा. तो काढायला मीच तळाशी जात असे. मग रांग आली की आई मला वरवर फिरवायची. पातळ दूध, तेही अर्धा डाव. घरी मुलीला दोनदा वाढणारा मी इथे हात आखडता घेत होतो. डाव काय, हात फिरवील तसा फिरतो, असं मी स्वतःला समजावत असे. पण मनातून मला ते पटत नव्हतं.

एका रविवारी रांग बरीच लांब होती. एक ताट पुढे आलं. आईने अर्धा डाव दूध वाढलं. ताट हललं नाही. खाली मान घातलेला माणूस हळूच म्हणाला,

"बाई, जरा तळातलं वाढाल का?"

आईचा हात थांबला. तिने मान वर केली. त्यानेही केली. छापखाना कधीच बंद पडला होता, हे त्या क्षणी कुणी सांगायची गरज उरली नाही. त्याची नखं स्वच्छ होती.

"दादा..."

"अगं, तू होय!" मामा हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "वाढ, वाढ. लोक खोळंबलेत."

आईने मला खोल बुडवलं. मी तळ खरवडला. वर आलं ते नुसतं दूध. तिने पुन्हा बुडवलं. मित्रांनो, इतका रिकामा मी जन्मात कधी झालो नव्हतो.

मामाला टेबलाखालचे डबे दिसले. "मागच्यांना दे आधी," एवढं म्हणून त्याने ताट कडेला ठेवलं आणि तो रांगेतून बाहेर पडला. आईने घाईघाईने आपला डबा उघडून पातेल्यात ओतला, माझ्याने ढवळलं, मला काठोकाठ भरून वर काढलं. "दादा, थांब!" असं म्हणत ती दारापर्यंत धावली. तिच्या हातात मी तसाच भरलेला होतो आणि वाटेत सांडत होतो. मामा रस्त्यावर कुठेच नव्हता.

आता तिथे कुणी डबे भरत नाही. आई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते, "पुरे का?" विचारते. लोक तिचं कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही. तिलाही ऐकवत नसावं, कारण घरी आल्यावर मला घासताना ती कुणाशी बोलत नाही.

मित्रांनो, वाढायची पाळी तुमच्यावर आली तर आपलं आणि परकं अशी दोन मापं ठेवू नका. आणि एक विनंती आहे. एखाद्या रांगेत मान खाली घालून उभा असलेला माझा मामा तुम्हाला दिसला, तर त्याला सांगा, त्याचा फोन लागत नाहीये.