लिंबाच्या मुळाशी तुटलेली तार

मी एक जुनी तार आहे. पण मित्रांनो, खांबावर ऐटीत झुलणारी नव्हे हं! मी बागेच्या कडेकडेने वीतभर मातीखाली पुरलेली, गांडुळांची शेजारीण. आणि जन्माची भित्री.

गॅरेजमधल्या खोक्यातून माझ्या अंगात बारीकसा संदेश फिरतो. घरातला कुत्रा धांदल्या माझ्याजवळ आला की त्याच्या गळ्यातला पट्टा आधी 'टीं' करतो. तरीही पुढे सरकला, तर हलकासा झटका देतो. असं मी त्याचं न दिसणारं कुंपण. माझ्यापलीकडे हातभर गवत आणि लगेच ट्रकचा रस्ता. ट्रक गेला की मी थरथरते. धांदल्या मात्र थांबायचा, आणि घरातले म्हणायचे, किती शहाणा कुत्रा! माझं नाव कुणी घेत नसे. चालायचंच.

एके दिवशी आजोबांनी लिंबाचं रोप लावायला कुदळ घातली. खच्च! माझे दोन तुकडे झाले. आजोबांना वाटलं, मूळ असेल. गॅरेजमध्ये खोकं शिट्टी मारू लागलं. ते माझंच ओरडणं होतं हो! पण घरातल्या ताईचे बाबा वैतागले.

"म्हातारं झालंय, उगाच किरकिर करतंय," म्हणत त्यांनी प्लगच काढला.

"माझ्याबद्दल बोलतोयस का रे?" आजोबांनी बागेतून विचारलं.

सगळे हसले. मी मातीत गारठून पडले होते. कुंपण उरलंच नव्हतं, आणि हे ठाऊक होतं फक्त मला. धांदल्या सवयीने जुन्या जागी थांबायचा, कान टवकारून 'टीं'ची वाट बघायचा. ती येईना. मग एक पाऊल पुढे. दुसऱ्या दिवशी आणखी एक. त्याचा पंजा माझ्यावरच्या मातीवर पडला, आणि माझा जीव टांगणीला लागला. ओरडू कशी? माझा आवाज तर भिंतीवरून उपटून ठेवलेला.

त्या दुपारी ताई शाळेतून आली. रस्त्यापलीकडूनच तिने नेहमीसारखी शीळ घातली. धांदल्या सुटला! पुढचं मी फक्त ऐकलं. हॉर्न. चाकांची किंकाळी. आणि ताईचा चिरका आवाज, "धांदल्या, बस! तिथेच बस!"

मग काहीच ऐकू येईना.

"पोरी, सांभाळ गं तुझा कुत्रा," ट्रकवाले काका म्हणाले. "वेळेवर ब्रेक लागला म्हणून बरं."

धांदल्या बसला होता. अगदी चाकासमोर, पण बसला होता.

पट्टा वाजला कसा नाही हे शोधायला संध्याकाळच्या आत ताईने प्लग लावला आणि लहानसा रेडिओ जमिनीलगत धरून ती कडेने चालू लागली. माझ्यावरून जाताना माझ्यातल्या संदेशामुळे तो खरखरायचा. लिंबापाशी गप्प झाला. बाबांनी माती उकरली.

"म्हणजे मूळ नव्हतं ते," आजोबा हळूच म्हणाले.

"आणि किरकिरही उगाच नव्हती," बाबा म्हणाले.

माझी टोकं घासून, पिळून, ओल शिरू नये म्हणून मलम भरलेल्या टोपणात बसवली. आता दर रविवारी ताई पट्टा हातात धरून कडेने फिरते, 'टीं' वाजते का ते ऐकते.

तरी भीती गेलेली नाही, मित्रांनो. मी जोडली गेले, पण धांदल्याला आता ठाऊक झालंय की पलीकडे जाता येतं. तो रोज येतो, उभा राहतो, कान टवकारतो. म्हणून सांगते, खणण्याआधी विचारा. आणि कुणी किरकिर करत असेल, तर त्याचा प्लग काढण्याआधी एकदा ऐका, ते कुणासाठी ओरडतंय.