क्ष-किरणांच्या दालनाची किल्ली

मी एक जुनी पितळी किल्ली आहे, मित्रांनो, आणि भित्री आहे. लेथवाल्याने मला इतकं गुळगुळीत घासलं, की मी कधी अडकतच नाही. याचं सगळे कौतुक करायचे. मलाही त्याचा तोरा होता.

आमच्याकडे जाड भिंतींच्या दालनात एक यंत्र आहे. त्यातून फार जोरकस क्ष-किरण निघतात. ते तांब्याच्या पातळ पत्र्यावर पडले की त्यातली काही अणुकेंद्रं फुटतात आणि पत्रा थोडा वेळ किरणोत्सारी होतो. किती केंद्रं फुटली ते शेजारच्या खोलीत मोजतात, तेही झटपट, कारण पत्र्यातला जोर मिनिटागणिक ओसरतो. आत माणूस असताना किरण सुटले, तर त्याची धडगत नाही. म्हणून आत जाणाऱ्याने दाराबाहेरच्या कुलपांच्या फळीवरची आपली किल्ली खिशात घालायची. सगळ्या किल्ल्या फळीत परत येऊन फिरल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही.

मी पत्रे लावणाऱ्या बाईंची. यंत्र चालवायचा त्यांचा नवरा.

त्या दिवशी बाई चिमट्यात पत्रा धरून धावत बाहेर आल्या. नवऱ्याने त्यांच्या कोटाच्या खिशातून मला काढलं.

"किल्ली मी लावतो गं, तू पळ!"

पत्रा मोजणीला देऊन बाई लगेच परतल्या. "नवा पत्रा तिरका बसलाय वाटतं," असं पुटपुटत उघड्या दारातून आत शिरल्या. तो पाठमोरा, मला फळीत बसवत होता. त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं. दार लावण्याआधी दालनात एक फेरी मारायची शिस्त होती. पण बायको मोजणीच्या खोलीत आहे, हे तो धरूनच चालला होता. त्याने दार लावलं.

मग त्याची बोटं माझ्यावर आली. अडक, मी स्वतःला म्हटलं, जन्मात एकदा तरी अडक! मी नेहमीसारखी अलगद फिरले.

इशाऱ्याची घंटा सुरू झाली. ती थांबली की किरण सुटणार. त्या भिंतीतून हाक ऐकू येत नाही. घंटा थांबण्याआधीच लाल दिवा लागला आणि यंत्र बंद पडलं. यंत्र थांबवायची धोक्याची दोरी बाईंनी आतून ओढली होती.

"आत कोण आहे?" तो ओरडला, आणि मग त्याला कळलं.

दार उघडलं तेव्हा बाई अजून दोरी धरून उभ्या होत्या.

"मला वाटलं, तू तिकडे..." म्हणत त्याने त्यांना हात धरून बाहेर आणलं.

"मलाही वाटलं, क्षणाचं तर काम आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला फळीतून काढलं आणि मुठीत घट्ट आवळलं.

मित्रांनो, अजून घंटा वाजली की माझा थरकाप होतो. धोक्याच्या जागी जाताना आपली किल्ली आपल्याच खिशात ठेवा. जिवाभावाच्या माणसाच्याही हाती देऊ नका. त्याची माया खोटी नसते. पण मला माया कळत नाही. कोणीही फिरवलं तरी मी फिरते.