पुठ्ठ्याच्या कॉर्डेलचा निरोप

आमच्या टॅलाबोगा कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलची जमीन मी एकतीस वर्षं पुसतोय. चिखलाचे बूट घालून त्या लाकडावर चढलेल्या एका आमदाराला मी हात धरून खाली उतरवलं होतं. हे सांगायचं कारण इतकंच, की माझा स्वभाव नियम पाळणारा आहे. त्या शनिवारी जे झालं त्यात माझा हात होता, पण उगाच नव्हता.

माझी धाकटी बहीण व्हर्नेल त्याच हॉलच्या दाराशी पॉपकॉर्नचा स्टॉल चालवते. चर्चच्या बायका आळीपाळीने मदतीला असतात, पण मशीनला हात लावायची परवानगी फक्त तिला. ऑगस्टपासून माझ्या पॉपकॉर्नच्या पिशवीत ती मशीनच्या तळाचे न फुटलेले, कडक दाणे भरत होती. माझी एक दाढ त्यातच गेली. मी तक्रार केली नाही, कारण शिक्षा कशाची आहे ते मला माहीत होतं.

तिचा मुलगा कॉर्डेल, सहा फूट नऊ इंच, तीन वर्षं आमच्या संघात खेळला आणि चौथं वर्ष बाकी असताना लिथुआनियातल्या एका क्लबाकडे खेळायला निघून गेला. विमानतळावर त्याला मी सोडलं.

नुसता मुलगा गेला याचं तिला इतकं लागलं नसतं. आमच्याकडे मोसमातल्या आमच्या हॉलमधल्या शेवटच्या सामन्याआधी चौथ्या वर्षाच्या मुलांना निरोप देतात. माईकवर नाव पुकारतात, मुलगा आईच्या हातात हात घालून मैदानाच्या मधोमध चालत येतो, कोच आईला फुलं देतो, सगळा हॉल उभा राहतो. व्हर्नेलने कॉर्डेलच्या पहिल्याच वर्षी त्यासाठी ड्रेस शिवून घेतला होता. कॉलेजच्या रंगांचा, जांभळा, सोनेरी काठाचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टांगलेला. दर नाताळात ती तो काढून अंगाला लावून बघायची आणि माप वाढलं असेल तर महिनाभर पाव सोडायची.

"मामा, मी इथे थांबलो तर चौथ्या वर्षीही बाकावरच बसणार," कॉर्डेल मला गाडीत म्हणाला होता. "माझा गुडघा मला माहितीये. ते लोक मला आत्ता बोलावतायत. पुढच्या वर्षी बोलावतील का, कोणास ठाऊक."

"हे आईला सांग ना."

"सांगितलं. ती म्हणाली, पदवी घे, मग चंद्रावर जा."

त्यानंतर सात महिने तिने त्याचा फोन उचलला नाही. त्याने रविवारी प्रार्थनेनंतर मला फोन करायचा, मी चर्चच्या अंगणात उभं राहायचं, आणि व्हर्नेलने तीन हातांवर दुसरीकडे तोंड करून उभं राहायचं, असा प्रकार चालला होता.

"तिकडे बर्फ आहे म्हणतो," मी सांगायचो.

"त्याला म्हणावं, मोजे घाल."

"आई मोजे घाल म्हणते."

"घातलेत म्हणावं. दोन दोन," तो पलीकडून.

"घातलेत म्हणतो."

"खोटं बोलतोय. लहानपणापासून मोजे काढून टाकतो." मग ती पर्स उचलून चालू लागायची. खालच्या मजल्यावरची एक म्हातारी त्याला बिटाचं सूप पाजते, गिअरची गाडी त्याला चालवता येत नाही, सामन्याला आलेल्या आज्या पंचाला शिव्या देतात, हे सगळं मी तिच्या पाठीला सांगितलेलं आहे.

कोच लस्कचा राग वेगळाच. कॉर्डेल गेला हे त्यांना फोनवरच्या दोन ओळींच्या निरोपातून कळलं होतं. त्यांनी कॉरिडॉरमधला त्याचा फोटो उतरवला आणि मला बोलावून त्याचं पुठ्ठ्याचं तोंड कचऱ्यात टाकायला सांगितलं. हे तोंड म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेलं, चार फूट उंच, खाली धरायला दांडा. पाहुण्या संघाचा खेळाडू नेम धरायला लागला की पोरं ते त्याच्यासमोर नाचवायची. फोटो निवडताना त्यांनी नेमका जीभ बाहेर काढलेला निवडला होता. मी ते कोचांच्या देखत कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेलं, आणि ते वळल्यावर परत आणून बॉयलरच्या खोलीत पाइपांमागे उभं केलं. भाच्याचं तोंड कचऱ्यात टाकणारा मामा मी नव्हे.

फेब्रुवारी आला. निरोपाच्या सामन्याचं पत्रक लागलं, त्यात तीन नावं. व्हर्नेलने ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि मशीनमध्ये तेल ओतायला लागली. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते. त्या दिवशी मात्र भीती वाटली नाही, वाईट वाटलं. चार वर्षं एखादी बाई एका चालण्याची वाट बघते, आणि ते चालणं तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या तिघी चालणार. मी ठरवलं, हिला चालवायचं.

त्याला एकच माणूस लागत होता, लूशस टार्व्हर. गावातलं अंत्यविधीचं दुकान त्याचं, आणि आवाज असा की हॉलमधला माईकही त्याच्याकडेच. लूशसचा एक अभिमान आहे. कार्डावर जे लिहिलं असेल ते तो वाचतो. एक शब्द गाळत नाही, एक शब्द घालत नाही. "मेलेल्यांच्या बाबतीत पाळतो, जिवंतांच्या बाबतीत का मोडू?" असं त्याचं म्हणणं. एका वर्षी प्रार्थना चालू असताना कोणीतरी त्याच्या पुढ्यात कार्ड सरकवलं. त्याने तशाच गंभीर आवाजात आमेनच्या आधी वाचलं, की हिरव्या ट्रकचे दिवे चालू राहिलेत.

निरोपाची कार्डं कोच स्वतः तपासतात आणि माझ्या हातात देतात. मी ती लूशसच्या टेबलावर नेऊन ठेवतो. मधे दीडशे फुटांचा कॉरिडॉर आहे आणि तो मीच पुसतो. तेव्हा तिनाची चार होणं अवघड नव्हतं. आदल्या दिवशी मी दुपारभर बसून चौथं कार्ड लिहिलं. माईकवरून गावासमोर नाव पुकारल्यावर जागचं न हलणारा माणूस आमच्याकडे जन्माला यायचाय, त्यामुळे व्हर्नेल येणार याची खात्री होती. ॲप्रनमध्ये आली तर ॲप्रनमध्ये. पुठ्ठ्याचं तोंड मी तिच्या हातात देणार होतो. फुलांच्या बादलीत तीनऐवजी चार गुच्छ ठेवले.

शनिवारी दुपारी दोनचा सामना. एक वाजता कार्डं लूशसला दिली. त्याने ती मोजली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि रबरबँड लावून कोटाच्या खिशात टाकली.

"चार आहेत," तो म्हणाला.

"मग चार वाच."

"मी तर वाचणारच."

स्टॉलवरून माझी पिशवी आली. एकही कडक दाणा नाही. मला वाटलं, आज बहिणीचं मन विरघळलं. तेवढ्यावर खूश होऊन मी बॉयलरच्या खोलीत गेलो, तर पाइपांमागे काही नाही. झाडून सगळी खोली पालथी घातली. रंगाचे डबे, जुनी जाळी, मक्याची पोती, सगळं होतं. कॉर्डेलचं तोंड नव्हतं.

एकच अर्थ होता, कोचांना सापडलं. म्हणजे त्यांना संशय आला होता, आणि आता नाव पुकारलं की बहिणीची सगळ्या गावासमोर शोभा होणार. मी कॉरिडॉरमधून धावत सुटलो, एकतीस वर्षांत पहिल्यांदा ओल्या जमिनीवरून.

"लूशस, एक कार्ड परत दे."

"खिशात गेलेलं कार्ड परत येत नाही," तो म्हणाला आणि माईक चालू केला.

पहिला मुलगा आला, आई आली, फुलं मिळाली. दुसरा. तिसरा. कोच लस्क हात मागे बांधून वळले, झालं म्हणून. लूशसने घसा साफ केला.

"क्रमांक चौतीस. उंची सहा फूट नऊ इंच. कॉर्डेल पेटवे. तीन वर्षं आपल्यासाठी खेळला, सध्या लिथुआनियात खेळतो. सोबत त्याची आई, व्हर्नेल पेटवे."

कोच लस्क मानेपासून लाल व्हायला लागले. मी स्टॉलकडे बघितलं, तर मशीनपाशी ओझेला उभी, चर्चमधली. व्हर्नेल नव्हतीच. मऊ पॉपकॉर्नचं कारण तेव्हा कळलं.

मग खेळाडूंच्या बोगद्यातून आधी जीभ बाहेर आली. चार फुटांचं ते तोंड, आणि त्याच्या खाली जांभळा ड्रेस, सोनेरी काठ. दांड्याभोवती हात गुंफून, मान ताठ, माझी बहीण एक एक पाऊल मोजत येत होती. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग विद्यार्थ्यांचा सगळा कोपरा उठून उभा राहिला. मला रडू आलं. जमिनीवर चार थेंब पडले, ते मी पायाने पुसले.

कोचांपाशी ती पोचते न पोचते तोच लूशसने पुढचं कार्ड काढलं.

"क्रमांक चौतीस," तो म्हणाला. "कॉर्डेल पेटवे."

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला विसर पडला. मी मात्र हसलो नाही, कारण मी एकच कार्ड लिहिलं होतं. लूशस शांतपणे वाचत राहिला, अंत्यविधीला वाचतो त्याच आवाजात.

"आईचं नाव व्हर्नेल. आवडता पदार्थ, आईच्या हातचे पावटे. पुढचा बेत, राहिलेले नऊ विषय तिकडे बसून पूर्ण करणे. फॉर्म आईने भरला आहे, सही त्याने करायची आहे. आईने सांगितलं होतं की आधी शीक, मग जा. त्याने ऐकलं नाही. तिकडे चांगला खेळतो असं ऐकते. उद्या रविवारी प्रार्थनेनंतर आई फोन उचलेल. मोजे घालावेत."

लूशसने कार्ड खाली ठेवलं. हॉल हसत होता आणि पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल शोधत होत्या. व्हर्नेलने कोणाकडे बघितलं नाही. ती कोच लस्कसमोर उभी राहिली आणि वाट बघत राहिली. बादलीत चौथा गुच्छ होता. कोचांनी तो बघितला, वर उभ्या गावाकडे बघितलं, आणि गुच्छ उचलून तिच्या हातात दिला.

"कोच, फोटो," ती म्हणाली.

तो फोटो मंगळवारच्या पेपरात आला. मधे कोच, एका बाजूला माझी बहीण, दुसऱ्या बाजूला कॉर्डेल, कोचांच्या कानाशी जीभ काढून.

मध्यंतरात कोचांनी मला गाठलं. "मिस्टर ग्रब्स, ते कार्ड कोणी घातलं?"

"कुठलं? दोन होती."

"दोन्ही."

"एकाचं मला माहीत आहे, ते मी सांगणार नाही. दुसऱ्याचं मला खरंच माहीत नव्हतं."

त्यांनी माझी बादली पायाने बाजूला सारली. "त्याने मला समोर येऊन सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर सोडलं असतंत?"

"नाही," ते म्हणाले, आणि निघून गेले. प्रामाणिक माणूस आहे. कॉरिडॉरमधला फोटो मात्र अजून लागलेला नाही.

लूशसला मी झापलं. बुधवारी चर्चमधल्या गायनाच्या तालमीला व्हर्नेलने त्याला कार्ड दिलं होतं, आणि हा माणूस शनिवारपर्यंत ते खिशात घेऊन फिरत होता.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? मला वाटलं, उंच मुलगा आहे, दोन लागली असतील."

आणि तोंड. बॉयलरच्या खोलीत ती मक्याची पोती कोणाची, हा विचार माझ्या डोक्यात सात महिन्यांत एकदाही आला नव्हता. दर आठवड्याला ती पोतं न्यायला आत जात होती, आणि दर आठवड्याला पाइपांमागून तिचा मुलगा तिला जीभ दाखवत होता. तिच्या त्या पाठीला मी कशाला इतके निरोप सांगत बसलो होतो, कोणास ठाऊक.

रविवारी चर्चच्या अंगणात मी सवयीने फोन हातात धरून उभा राहिलो. तो वाजला नाही. तीन हातांवर तिचा वाजला. तिने तीन घंटा जाऊ दिल्या.

"मोजे घातलेस?" ती म्हणाली.

पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती ऐकत राहिली, बराच वेळ, आणि एकदा हाताने डोळे झाकले. मग म्हणाली, "हो, ड्रेस बसला. पाव सोडला होता महिनाभर." आणि थोड्या वेळाने, "त्या खालच्या आजीला विचार, बिटात काय घालते ती." नंतर तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "दादा, तू काय ऐकत उभा आहेस? जा घरी."

मंगळवारी मुलींचा सामना होता. पॉपकॉर्नची पिशवी घेऊन मी कोपऱ्यात बसलो आणि पहिल्याच घासाला दुसरी दाढ करकरली. तशीच पिशवी घेऊन स्टॉलवर गेलो.

"अगं, आता काय? पोराला माफ केलंस ना?"

"पोराला केलं," व्हर्नेल मशीन हलवत म्हणाली. "विमानतळावर गाडी कोणी नेली होती?"

मी परत कोपऱ्यात जाऊन बसलो आणि उरलेले दाणे एका बाजूच्या दातांनी चावत राहिलो. गाडी मीच नेली होती.