आईचा गुडघा

बाबांनी गावी तीस वर्षं नदीतली मोजपट्टी वाचली. सकाळी आठला पाण्यात उतरायचं, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. आता दिंडोशीला माझ्याकडे असतात आणि आठ वाजले की भरलेल्या बादलीत वाकून बघतात. सवय, दुसरं काय.

परवा श्रुतिका नावाची इंजिनीअर आली, आपल्या राज्याच्या बाजूची. नदीच्या वरच्या अंगाला दुसरं राज्य धरण बांधतंय, पाण्याची वाटणी ठरायचीय. आमच्या गावच्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी सोडायलाच हवं, याचा मोठा पुरावा म्हणजे बाबांची एका कोरड्या वर्षाची वही, तेव्हाही नदीला पाणी होतं हे दाखवणारी.

"आजोबा, वैशाखात नऊ दिवस एकच आकडा. दीड फूट. समोरच्या राज्याचे म्हणतात, घरी बसून लिहिला. तुम्ही स्वतः मोजलंत, एवढी सही द्या."

ते नऊ दिवस बाबा मुंबईला होते, काकांच्या ऑपरेशनसाठी. पाण्यात आई उतरायची; ती आता नाही. मी दहा वर्षांची, काठावर तिच्या चपला धरून उभी.

चहा ठेवता ठेवता मी पुटपुटले, "करा ना सही. गावाचंच भलं होईल."

"तू गप गो." मग श्रुतिकाला म्हणाले, "मी थंय नव्हतंय. माझ्या बायलेन मोजल्यान."

"त्यांना पट्टी वाचता यायची?"

"आकडे खंय येयत होते तिका? पाण्यात उभी ऱ्हवायची. मी इलंय तेवा म्हणाली, रोज गुडघाभर. तिचो गुडघो मापलंय, दीड फूट लिवलंय."

श्रुतिकाने पेन खाली ठेवलं. "हे लिहिलं तर ते वर्षच बाद होईल हो."

"होऊंदे. ह्या एक खोटा सांगलंय, तर बाकीची एकोणतीस वर्सां कोण खरी मानतलो?"

तिने लिहिलं: नऊ दिवस मोजणी अन्य व्यक्तीकडून. बाबांनी चष्मा लावला.

"अन्य व्यक्ती कोण? नाव नाय तिका?"

'विमला सहदेव घाडी' लिहिल्यावरच त्यांनी सही केली.

श्रुतिका माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुम्ही आईच्याच उंचीच्या का?"

"तंतोतंत," बाबाच म्हणाले.

"मग मोजूया. निदान सोबत जोडते. ऐकतील की नाही, माहीत नाही."

मी शिवणाच्या मशीनवरची टेप दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. ती खाली बसली. गावचा अख्खा कालवा माझ्या गुडघ्यावर आलेला. दीड फुटाला कमी नको पडायला, म्हणून मी टाच जराशी उचलली.

"टाच खाली ठेव," बाबा म्हणाले.