नीलम की चंद्रकांत

मी रत्नपुऱ्यातल्या शाळेत मुलींना व्हॉलीबॉल शिकवते. असंक आमच्याकडे गणिताचा मास्तर म्हणून रुजू झाला, त्याच दिवशी माझा एक फटका मैदान सोडून थेट त्याच्या नाकावर बसला. नाक धरून तो म्हणाला, "रोज इथंच खेळता का?" तेव्हापासून मला कशाचंही हसू यायला लागलं. भात करपला तरी हसू.

दोन्ही घरांनी आमच्या लग्नाला होकार दिला आणि अंगठीची बोलणी करायला सगळे आमच्याकडे जमले. असंकची आई, इरांगनी, मीटियागोडाकडची. तिच्या गावच्या खाणींत चंद्रकांत मणी निघतो. आमची गुणावती आत्या पक्की रत्नपुऱ्याची, म्हणजे नीलमांच्या खाणींच्या गावची. नीलम सोडून बाकीचे खडे तिच्या लेखी रस्त्यावरची खडी.

"नीलम शनीचा खडा," आत्यानं सुरुवात केली. "मानवला की माणूस कुठल्या कुठं जातो."

"आणि नाही मानवला तर?" इरांगनीनं विचारलं. "चंद्रकांत कुणालाच बाधत नाही. डोकं थंड, झोप शांत, नवरा-बायकोत गोडवा. नव्या नवरीला आणखी काय हवं?"

"थंड डोकं म्हाताऱ्यांना लागतं!"

"मग तुम्ही घालाच, अक्का."

बाबांनी चहाच्या पेल्यात तोंड लपवलं. आत्यानं बोटातली नीलमाची अंगठी खसकन ओढून इरांगनीपुढे ठेवली. "घाल पौर्णिमेपर्यंत. मग बोल!" इरांगनीनंही आपली चंद्रकांताची अंगठी काढून दिली.

आमच्या आत्याचं मासेवाल्याशी रोज भांडण व्हायचं. त्या आठवड्यात ती त्याला म्हणाली, "राहू दे रे, तूही दमला असशील." तो बिचारा घाबरून आमच्या घरी आला आणि हळूच विचारू लागला, "बाईंना बरं नाही का?" दुपारी ती घोरायला लागली. उठली की गुणगुणायची.

तिकडे इरांगनीला विहाराच्या सोडतीत शिवणयंत्र लागलं. शेजाऱ्याच्या फणसाची फांदी वर्षानुवर्षं तिच्या छपरावर आली होती. ती नुसती कुंपणाशी जाऊन उभी राहिली, तर तो स्वतःच कोयता घेऊन झाडावर चढला!

पौर्णिमेला पुन्हा बैठक बसली.

"पोरीला चंद्रकांतच घ्या," आत्या म्हणाली.

"छे छे, नीलम!" इरांगनी कडाडली.

"अगं, चंद्रकांतानं मन कसं निवतं, तुला नाही कळायचं."

"मला? मी जन्मभर घातलाय तो! नीलमाची ताकद तुम्हालाच नाही कळली, अक्का."

आता भांडण आधीपेक्षा जोरात, फक्त आत्या गोड आवाजात भांडत होती. असंकनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं हसू दाबत व्हरांड्यात पळालो. तिथं खांबाला धरून पोट दुखेपर्यंत हसलो.

"तुला काय हवंय ते सांग ना," तो डोळे पुसत म्हणाला.

"दिसायला चंद्रकांत. आत चांदणं हलतंय असं वाटतं. पण तो नाजूक. जोरात आपटला की तडकणार. नीलमावर मात्र हिऱ्याशिवाय सहसा कशाचा ओरखडा उठत नाही."

"म्हणजे तुझ्या हातात नीलमच टिकेल. माझं नाक साक्षीला आहे."

"आणि चंद्रकांत गळ्यात. तिथं कोण फटका मारतंय!"

आत येऊन आम्ही सांगितलं तेव्हा दोघींचे चेहरे पडले. भांडण एवढ्यात संपेल असं त्यांना वाटलं नव्हतं. बदललेल्या अंगठ्या मात्र कुणीच परत मागितल्या नाहीत.

साखरपुड्याच्या दिवशी असंकनं गडबडीत नीलमाची अंगठी माझ्या भलत्याच बोटात दामटली. ती अडकली. खोबरेल तेल आलं. आत्या अंगठी ओढतेय, इरांगनी मला कमरेला धरून मागं खेचतेय, बाबा ओरडताहेत, "बोट सांभाळा, बोट!" आणि मी इतकी हसतेय की अंगात जोरच नाही. मग अंगठी एकदम सुटली आणि उडून किरीबातच्या ताटात पडली. असंकनं नारळाच्या दुधातला तो भात चिवडून ती शोधली, शितं लागलेलीच माझ्या नेमक्या बोटात घातली, आणि स्वतःच्या बोटांवरचा भात चाटत म्हणाला, "मीठ कमी आहे."